नगर रोडच्या उजवीकडं

एकूण अंतर बेचाळीस किलोमीटर.
तरी अच्युतनं थर्मास घेतला, टोपी, दोन भिंगं,
आणि दगड गुंडाळायला महिनाभराची वर्तमानपत्रं.
बँकेतून सुटल्यापासून तो दगड जमवतो.
गाडी माझी, पेट्रोल त्याचं, हा आमचा जुना करार.

वाघोलीच्या पुढंही पुणं सोडत नव्हतं.
मंगल कार्यालयं, फर्निचर, 'फक्त अठ्ठेचाळीस लाखांत',
मग एका वजनकाट्यापाशी उजवीकडं वळलो
आणि मोबाइलवरची रेघ संपली.
आमचा ठिपका नुसत्या करड्यावर सरकत राहिला.

इथं बाभळीसुद्धा पांढऱ्या.
पानावर बोट ओढलं की खाली हिरवं निघतं.
रस्ता म्हणजे डंपरांनी पाडलेल्या दोन खाचा,
शेवटी थांबलेला क्रशर,
त्याच्या पट्ट्याखाली कचेचा ढीग
आणि ढिगाच्या टोकावर एक कुत्रं,
सगळं त्याच्याच नावावर असल्यासारखं.

वीस-बावीस घरं. दगडावर दगड, मधे काही नाही.
सिमेंटात पडणारी खडी इथून जाते,
तेवढंच यांचं सिमेंटशी नातं.
दारांना कुलपं नव्हती.
पाण्याच्या पिंपांना होती, साखळीसकट.

हणमंता कुसाळकर म्हणाला,
खाण आता आठवड्यातून तीनच दिवस.
पोरं चाकणला गेली, कंपनीच्या गेटवर उभी राहतात.
निळा दगड? निघायचा की.
सुरुंग उडाला की काळ्याच्या पोटात
मूठभर पोकळी सापडायची,
आत फुललेलं असायचं.
आम्ही खडीतच टाकायचो.
मग एक साहेब आला, त्यानं पाचशे दिले.
त्या रात्रीपासून बॅटऱ्या घेऊन माणसं कड्याखाली.
माझा भाऊ त्यातच गेला, वरनं दरड आली.
हे त्यानं कचेचा भाव सांगावा तसं सांगितलं.

अच्युतनं भिंग खिशात ठेवलं.
मग काढलं. मग ठेवलं.

तेवढ्यात दारातून एक पोरगी, आठ-नऊ वर्षांची,
म्हणाली, "नीळ्ळु?"
अच्युत ताडकन उठला.
हो हो, निळं! दाखव ना. कितीला देणार?
ती आत गेली.
साखळी वाजली. भांड्यावर भांडं आपटलं.
आणि ती आली दोन्ही हातांत पेला धरून,
काठोकाठ, पावलं मोजत.

"आमच्यात पाण्याला म्हणत्यात," हणमंता म्हणाला
आणि पहिल्यांदा हसला.

गाडीत विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या.
आम्ही दोघांनी त्यांचं नाव काढलं नाही.
अर्धा पेला अच्युत प्यायला, अर्धा मी.
दाताखाली बारीक कच आली.
ती गिळायची की थुंकायची
हे ठरवायला मला फार वेळ लागला.

पाचला एकजण लाल फडकं हलवत ओरडत गेला.
सगळे क्रशरच्या आडोशाला.
पोरगी बोटांवर मोजत होती.
एक.
दोन, तीन.
चार.
करंगळी मोकळीच राहिली, उभी.
पाचवा झालाच नाही.
कुणी हललं नाही. कुत्रंसुद्धा.
अच्युतच्या हातात रिकामा पेला तसाच.

किती वेळानं कुणी शीळ घातली, ते आठवत नाही.

परतताना लोणीकंदला पुढं एक डंपर,
मागं लिहिलेलं, अंतर ठेवा.
एक खडी उडाली. काचेवर टक्.
मधे पांढरा ठिपका,
त्यातून चहूबाजूंना फुटलेल्या सुया.
वाघोलीच्या सिग्नलला, एकशे ऐंशी सेकंद,
अच्युत भिंग लावून आतून तो तडा बघत बसला.
"अगदी असाच असतो," म्हणाला. "फक्त..."

मागचे हॉर्न वाजवायला लागले.
मागच्या सीटवर महिनाभराची वर्तमानपत्रं,
घडी न मोडलेली.